सुबक आकृती, खरे झाड

जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक सूचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन डॉक्टरकीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ही आकृती झोपेतून उठवले तरी काढता येते. शिंबावंत कुळाचा फ्लोरल डायग्राम विचारा. पाच निदले, पाच पाकळ्या, नऊ अधिक एक असे दहा पुंकेसर, मधोमध एका कप्प्याचा अंडाशय. दोन मिनिटांत वर्तुळे तयार, बाण मारून नावे लिहिलेली, मार्क पक्के. याच कुळातला पळस ऐन परीक्षेच्या दिवसांत शहराबाहेरच्या माळावर पेटलेला असतो. त्याचे एक फूल उघडून आत खरोखर नऊ अधिक एक आहेत का, हे बघायला मात्र कोणाला सवड नसते.

यात मुलांचा दोष नाही. वर्तुळांची ही भाषा ऑगस्ट आइखलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७५ ते १८७८ या काळात दोन खंडांत पद्धतशीर मांडली. घराच्या नकाशात इंजिनीअर भिंती आणि दारे दाखवतो, रंग आणि पडदे दाखवत नाही, तसे या आकृतीचे आहे. फुलाचे भाग किती, कोणासमोर कोण, कोण कोणाला चिकटलेले, एवढेच ती सांगते आणि चोख सांगते. अडचण पुढे येते. नकाशा पाठ झाला की घर पाहिल्यासारखे वाटू लागते. विज्ञान शाखेतून वनस्पतिचित्रणाकडे वळणाऱ्याचे पहिले काही आठवडे याच समजुतीशी झगडण्यात जातात. समोर फूल असते आणि हात मात्र जर्नलातली आकृती काढत राहतो.

चित्रकलेच्या बाजूने येणाऱ्याची खोड निराळी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या राज्याच्या कला संचालनालयाच्या परीक्षा मराठवाड्यातली हजारो मुले देतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र यांनी या मुलांचा हात तयार झालेला असतो. डोळ्याला मात्र कागद भरण्याची सवय लागलेली असते. रिकामा कोपरा दिसला की तिथे एक पान वाढते, देठाला नसलेला झोकदार बाक येतो, एकाआड एक असलेली पाने समोरासमोर जाऊन बसतात. चित्र छान दिसते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती दुसरीच वनस्पती होते, कारण पाने एकाआड एक की समोरासमोर, यावरून कित्येकदा कुळे वेगळी होतात.

या दोन्ही खोडी सोडल्या की जे उरते ते वनस्पतिचित्रण. त्याची कसोटी रोखठोक आहे. ती वनस्पती कधीही न पाहिलेल्या माणसाला चित्रावरून ती रानात ओळखता आली पाहिजे आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीपासून वेगळी काढता आली पाहिजे. म्हणून एकाच कागदावर पूर्ण डहाळी, कळी, उमललेले फूल, फुलाचा उभा छेद, सुटा पुंकेसर, फळ आणि बी असे सगळे येते. प्रत्येकाशेजारी मापाची बारीक रेघ असते. कॅमेरा आला तरी हे काम थांबलेले नाही. लंडनला १७८७मध्ये सुरू झालेले कर्टिसचे बोटॅनिकल मॅगझिन आजही वनस्पतींची रंगीत चित्रे छापते. फोटोत एका दिवशीचे एक फूल येते, त्यावरच्या किडीच्या छिद्रासकट. चित्रकार पाचपंचवीस फुले पाहून त्या जातीचे फूल काढतो आणि पाकळीआड लपलेला भागही उघडून दाखवतो.

नांदेड-लातूरच्या झाडाझुडपांच्या वाट्याला शास्त्रीय नोंदीचे भाग्य उशिरा आले, आणि त्याचे कारण राजकीय होते. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे, प्राचार्य. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात बाहेर पडला आणि महाराष्ट्रातला वनस्पती अभ्यासक आजही तो हाताशी ठेवतो. पण कुकसाहेबांची हद्द इलाख्याबरोबर संपत होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात. त्यामुळे नगर-सोलापूरच्या माळावरचे गवत ग्रंथात आले आणि तसलेच माळ असलेल्या औसा-निलंग्याचे बाहेर राहिले. आज नांदेड जिल्ह्याचे सर्वांत दाट जंगल म्हणून आपण ज्या किनवटकडे बोट दाखवतो, तो तालुका तर १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता.

ही उणीव भरून काढली ती औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या डॉ. व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९मध्ये आला. लातूर जिल्हा त्यानंतर, १९८२मध्ये, उस्मानाबादेतून वेगळा निघाला. म्हणजे आजच्या लातूरची बरीचशी झाडे या पुस्तकात उस्मानाबादच्या नावावर आहेत. पुढे १९९८मध्ये सगळ्या मराठवाड्याचा दोन खंडांचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. ज्याला या भागात स्केचबुक घेऊन हिंडायचे आहे, त्याने कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन हे खंड एकदा तरी चाळावेत. ग्रंथातले वर्णन आणि स्वतःचे चित्र शेजारी ठेवले की डोळ्यातून काय निसटले ते लगेच कळते.

मराठवाड्याच्या झाडांची चित्रे त्याआधी काढलीच गेली नव्हती, असे मात्र नाही. ती गोदावरीच्या खालच्या अंगाला काढली गेली. विल्यम रॉक्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस सामलकोटला होता, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाजवळ. नांदेडच्या घाटावरून वाहत जाणारे पाणी शेवटी तिथेच पोचते. त्याने स्थानिक चित्रकारांना हाताशी धरून झाडे काढून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती बागेतही ते काम चालू ठेवले. या चित्रांची संख्या अडीच हजारांवर गेली. त्यांतली निवडक ३०० ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमांडेल’ या तीन खंडांत १७९५ ते १८२० या काळात लंडनला छापली गेली. १७९५च्या पहिल्याच खंडात आपला पळस आहे.

ग्रंथावर नाव रॉक्सबर्गचे. चित्रे काढणाऱ्यांची नावे बहुतेक हरवली. कंपनीच्या काळातल्या वनस्पतिचित्रांची ही सार्वत्रिक गोष्ट आहे आणि ती वाचताना राग आल्याशिवाय राहत नाही. अपवाद थोडे. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिचच्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांची नावे चित्रांखाली दिसतात. मद्रासकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटसाठी रंगय्या आणि गोविंदू या दोघांनी वर्षानुवर्षे चित्रे काढली, आणि वाइटने ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. पुढे ती प्रजाती दुसऱ्या एका जुन्या नावात विलीन झाली, त्यामुळे तो मानही कागदोपत्रीच राहिला.

मराठी-कोकणी माणसांनीही असे काम केले. कोचीनच्या डच गव्हर्नरने करून घेतलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८ ते १६९३) रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचा हात होता. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापले आहे. पुण्यात सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तिथल्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९०मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर बसून काढला. हे चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. याच तांबटांनी वेरूळची लेणीही रेखाटली, म्हणजे मराठवाड्याशी त्यांचा संबंध आलाच.

शुद्ध वनस्पतिचित्रणातले पुण्याचे मोठे काम दापोडीचे. तिथे कंपनी सरकारची वनस्पती बाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर तिचा प्रमुख होता. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या रानातल्या वनस्पतींची शंभराहून अधिक रंगीत चित्रे करून घेतली. ती एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलेली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२मध्ये त्यांवर देखणे पुस्तकही केले. चित्रकाराचे नाव इथेही नाही. पाने बघताना त्याचा हात मात्र ओळखू येतो.

आता प्रत्यक्ष कागदाकडे. सुरुवात पळसापासून करावी, कारण तो नांदेड-लातूरकडे कुठेही भेटतो आणि नवशिक्याची पूर्ण परीक्षा घेतो.

‘पळसाला पाने तीनच’ हे सगळ्यांना तोंडपाठ असते. चित्रकाराला पहिला प्रश्न पडतो तो पान कुठे सुरू होते हा. फांदीवर देठ जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीकशी कळी असते. पानाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात नसते. म्हणजे ती तिन्ही मिळून एकच पान, आणि म्हणीतली तीन पाने म्हणजे त्या एका पानाच्या तीन पर्णिका. आता त्या तिघींकडे नीट बघावे. मधली मोठी आणि दोन्ही बाजूंनी सारखी. कडेच्या दोघी मात्र तिरकस : मधल्या शिरेच्या एका बाजूचा भाग अरुंद, दुसऱ्या बाजूचा रुंद. आठवणीतून काढणारा माणूस तिन्ही एकाच साच्यातून काढतो. देठाच्या तळाशी, आणि प्रत्येक पर्णिकेच्या छोट्या देठालाही, जराशी फुगीर गाठ असते. तीही चित्रात आली पाहिजे.

फूल अधिक अवघड. लांबून भगवे दिसते, हातात घेतले की एवढ्यावर भागत नाही. निदलांची वाटी जवळजवळ काळी, मखमली. पाकळ्यांच्या बाहेरच्या अंगावर रुपेरी लव असते, त्यामुळे उन्हात फूल जरा फिक्कट, धुरकट वाटते. पाच पाकळ्यांपैकी एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूचे पंख. खालच्या दोन जुळून झालेली नौका, चोचीसारखी वाकलेली. ही नौका टाचणीने हळूच उघडली की आत पुंकेसरांची जुडी दिसते. नऊ जण तळाशी जोडलेले, दहावा सुटा. ज्या मुलाने नऊ अधिक एक आयुष्यभर लिहिले, त्याला तो सुटा दहावा पहिल्यांदा दिसतो तेव्हा चेहऱ्यावर जे येते ते कोणत्याही शिक्षकाने बघावे.

रंगाच्या वेळी नवशिका थेट नारिंगी ट्यूब उघडतो आणि फूल प्लॅस्टिकचे होते. आधी पिवळ्याचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर लाल मिसळत सावलीकडे जावे. लवेसाठी पांढरा रंग लावायचा नाही. कागदच तेवढा कोरा सोडायचा. हे जमायला कागद जाड आणि गुळगुळीत हवा. खरखरीत कागदावर रंग दाणेदार बसतो आणि बारीक कडा फुटतात.

फूल झाले म्हणजे पळस झाला असे नाही. पाने असतात तेव्हा सहसा फुले नसतात आणि फुले असतात तेव्हा फांद्या उघड्या. शेंगा त्यानंतर, उन्हाळ्यात. शेंग चपटी, आणि तिच्यात बी एकच, तेही टोकाला. ब्युटिया मोनोस्पर्मा या शास्त्रीय नावातला ‘एक बी’ तो हाच. त्यामुळे पळसाचा पूर्ण कागद फेब्रुवारीत सुरू होऊन जूनच्या आसपास संपतो. मधल्या काळात तो तसाच अर्धा पडून राहतो. रॉक्सबर्गच्या चित्रकारांनाही याहून जवळची वाट नव्हती.

साहित्याचा बाऊ करायचे कारण नाही. एचबी आणि टू-एच अशा दोन पेन्सिली, चांगले खोडरबर, मापे घ्यायला कंपासपेटीतला डिव्हायडर, दाढीचे नवे ब्लेड, दोन सुया, आणि सराफ वापरतात तसले दहापट भिंग. जलरंग कॅम्लिनचे चालतात. १९३१मध्ये दांडेकरांनी शाईच्या धंद्यातून उभी केलेली ही कंपनी. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या तिच्याच रंगपेटीवर वाढल्या. शाईकाम करायचे तर बारीक टोकाचे टेक्निकल पेन घ्यावे. शास्त्रीय शाईचित्रात सावली बोटाने घासून करत नाहीत. ती ठिपक्यांनी येते, जिथे सावली गडद तिथे ठिपके दाट. उजेड डाव्या बाजूने वरून पडतो असे धरण्याचा प्रघात आहे. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या हाताची सावली त्यामुळे कागदावर येत नाही, आणि सगळ्या चित्रकारांनी तोच नियम पाळला की दोन चित्रांची तुलना सोपी जाते.

सर्वांत महत्त्वाचे साधन डिव्हायडर. डोळा फसवतो, विशेषतः आपल्याकडे रोखलेल्या पानाच्या बाबतीत. पान समोरून येत असेल तर त्याची लांबी डोळ्याला जितकी वाटते त्याहून कितीतरी कमी दिसत असते. मेंदूला पान लांब असते हे ठाऊक असल्याने तो ते लांब काढायला लावतो. डिव्हायडर लावून पाहिले की वाद मिटतो.

पळसाइतकाच चांगला गुरू शेतात उभा आहे : कापूस. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४मध्ये दिलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण शेतकऱ्यांमध्ये ‘नांदेड ४४’ म्हणून गाजला. असल्या वाणाचे बी तयार करताना शेतात जे चालते त्याला तोड नाही. दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी निवडायची, अंगठ्याच्या नखाने तिचा पाकळ्या आणि पुंकेसर असलेला पोशाख सगळा अलगद सोलून काढायचा, मधली स्त्रीकेसराची काडी तेवढी शिल्लक ठेवायची. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर फिरवायचे. बीजोत्पादनाच्या शिवारात हे काम करणाऱ्या बायकांना कापसाच्या फुलाची रचना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली ठाऊक असते. कापसाचे असंख्य पुंकेसर तळाशी जुळून एक नळी होते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आतून वर येतो. नळी न फाडता काढायची तर हीच माहिती बोटात असावी लागते. उभा छेद घेणाऱ्या चित्रकाराचे ब्लेडही याच नळीतून जाते. अशा एखाद्या बाईशेजारी बसून तासभर तिचे हात रेखाटले तर दोन धडे एकदम मिळतात.

कापूस घड्याळ लावून काढावा लागतो. अमेरिकन जातीचे फूल सकाळी उमलते ते मलईच्या रंगाचे. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी झालेले असते आणि मग गळते. नांदेडच्या जुन्या गावरानी कापसाचे, म्हणजे देशी जातीचे, फूल वेगळे : पिवळे आणि आतल्या बाजूला बुडाशी जांभळट डाग. एकाच कागदावर या दोन जाती शेजारी काढल्या की कापसाचा निम्मा इतिहास डोळ्यांपुढे येतो.

असे झटपट बदलणारे रंग टिपायचे कसे? फर्डिनांड बावर या ऑस्ट्रियन चित्रकाराने याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी शोधले. १८०१ ते १८०३ या काळात तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याभोवती जहाजाने फिरला. तिथे फुलांचे रंग रंगवत बसणे अशक्य होते. त्याने पेन्सिलीने रेखाटन करून प्रत्येक भागावर आकडे टाकले, आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा. अशा हजाराच्या आसपास छटा त्याच्या पद्धतीत होत्या. युरोपात परतल्यावर त्या आकड्यांवरून त्याने रंगीत चित्रे पुरी केली. नवशिक्याला हजार छटा नकोत. स्वतःच्या पेटीतल्या रंगांचे चौकोन एका पुठ्ठ्यावर रंगवून त्यांना आकडे द्यावेत आणि तो पुठ्ठा शबनममध्ये टाकावा. धुऱ्यावर उभे राहून फक्त आकडे लिहायचे. रंगकाम घरी, पंख्याखाली.

वनस्पतिचित्रण हा फावल्या वेळचा छंद नाही, हे पटवायला लातूर जिल्ह्यातच एक चांगली जागा आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ एक टेकडी आहे, संजीवनी बेट. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून, वनौषधींच्या ओढीने तिथे लोक जातात. झाडपाल्यावरच्या विश्वासाबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. ओळख चुकली तर काय होते याबद्दल मात्र दुमत नसावे. पावसाळ्यात अशा टेकड्यांवर आणि शेताच्या कुंपणांवर चढणारी कळलावी पाहा. तिच्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि हा कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. फूल असेल तेव्हा कळलावी शेंबड्या पोरालाही ओळखू येते. कंद खणला जातो तेव्हा फूल असेलच असे नाही. म्हणून जुन्या औषधी वनस्पतींच्या चित्रांत जमिनीखालचा भागही धुऊन, पुसून, मोजून काढलेला असतो.

या बाबतीतला मोठा मराठी प्रयत्न कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा. लष्करात डॉक्टर असलेले कीर्तिकर वनस्पतींचे जाणकार होते आणि मराठीत कविताही लिहीत. त्यांनी बामनदास बसू यांच्याबरोबर केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ १९१८मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी कीर्तिकर वारले होते. त्या ग्रंथात हजाराहून अधिक चित्रपाने आहेत. बरीच चित्रे रॉक्सबर्ग, वाइट यांच्या जुन्या ग्रंथांवरून घेतलेली, म्हणून त्यांत ताजेपणा कमी. पण वैद्याच्या हाती चित्र असले पाहिजे, नुसता श्लोक पुरत नाही, हा त्यामागचा विचार शंभर टक्के बरोबर होता.

कळलावी रंगवताना तीन गोष्टी सुटतात. पहिली, पानाचे टोक. ते नुसते निमुळते होत नाही, त्याचा तणावा होऊन दुसऱ्या काडीला वेढा घालतो. दुसरी, पाकळ्या. सहाही मागे उलटतात, त्यांच्या कडा लाटेसारख्या, आणि रंग रोज बदलतो : आधी हिरवट पिवळा, मग वरून लाल, शेवटी पूर्ण लाल. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेला येतच नाही. स्त्रीकेसराची काडी सरळ न जाता बुडाशीच जवळपास काटकोनात वळून बाजूला जाते. ती सरळ काढली की कळलावीचा जाणकार लगेच म्हणतो, हे झाडावरून काढलेले नाही.

हे सगळे शिकायला या भागात जागांची वाण नाही. नांदेडला विष्णुपुरीकडे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, १९९४मध्ये स्थापन झालेले. परभणीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. शहरांतल्या जुन्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत आणि तिथे हर्बेरियमची कपाटेही असतात. वाळवलेल्या नमुन्यावरून काढणे हा वेगळा सराव आहे, रंग गेलेला असतो पण शिरा आणि लव अगदी स्पष्ट दिसतात. त्या विभागांत मिळणारे साधे विच्छेदन सूक्ष्मदर्शक वर्षातून दोनदा, प्रात्यक्षिकाच्या वेळीच, बाहेर निघते. चित्रकला शिक्षकांनी आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून चार रविवार काढले तरी एक चांगला वर्ग उभा राहील. हे दोघे एकमेकांना भेटत नाहीत, ही खरी अडचण आहे. चित्रकलेच्या सरांना फुलाचा छेद घेता येत नाही आणि जीवशास्त्राच्या सरांना सावली टाकता येत नाही.

विषयांचीही वाण नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, काटेसावर, पांगारा. उन्हाळ्यात मोह आणि बहावा. मृगाचा पाऊस झाला की सोयाबीनच्या तासांत केना आणि तरोटा उगवतात. खुरपून बाजूला टाकलेल्या तणाच्या ढिगात पंधरवड्याचे काम असते. तण म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. गाजरगवतासारखी परकी वनस्पती १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आली आणि बघता बघता साऱ्या देशात पसरली. अशा वेळी ती पहिल्यांदा अचूक ओळखणारा डोळा लागतो. थंडीत करडई आहेच. तिचे एक फूल म्हणजे काटेरी वाटीत गच्च बसवलेली कितीतरी नळीदार फुले. त्यांतले एकच सुईने उपटून भिंगाखाली धरले तर पाच टोकांची पिवळी नळी, आत एकमेकांना चिकटलेले परागकोश आणि त्यांतून वर आलेली काडी दिसते. एवढे एक फूल दहापट मोठे करून काढले तरी एक दिवस सत्कारणी लागतो.

प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, गावाचे आणि शिवाराचे नाव, माती काळी की मुरमाड, आणि त्या गावात या वनस्पतीला काय म्हणतात हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. शास्त्रीय नाव नंतर जाणकाराला विचारून घालता येते. औसा, कंधार, देगलूर, उदगीर या तालुक्यांतून अशी नोंद केलेली चित्रे आज फार थोडी आहेत. ज्याच्या घरात एचबी पेन्सिल आणि धुऱ्यावर एखादे झुडूप आहे, त्याने येत्या पावसात पहिले पान काढावे आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन दाखवावे.